अडलेली लावणी आणि इर्जिक: अनोळखी माणसांनी मदतीला कसं उतरावं

भाताच्या रोपाला घरातलं दुखणंखुपणं कळत नाही. पेरल्यापासून एकवीस ते पंचवीस दिवसांत ते उपटून खाचरात, म्हणजे बांध घातलेल्या भातशेतात, लागायला हवं. ओढून-ताणून चार आठवडे. त्यापुढे रोप दाढीतच (रोपं वाढवतात त्या वाफ्यात) जून होतं. मग लावलं तरी त्याला फुटवे कमी येतात, आणि जितके फुटवे कमी तितक्या लोंब्या कमी.

पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात ही लावणी आर्द्रा संपता संपता सुरू होते आणि पुनर्वसु-पुष्य नक्षत्रांत, म्हणजे साधारण जुलैभर चालते. सगळ्यांची एकाच वेळी. नेमक्या याच दिवसांत एखाद्या घरातला कर्ता माणूस गाडीवरून पडला, पाय प्लॅस्टरमध्ये गेला, घरात बायको, सासू आणि शाळकरी पोरं उरली, तर पैसे हातात असूनही मजूर मिळत नाही. गावातली तरुण पोरं पिरंगुटच्या कारखान्यांत पाळीवर असतात आणि बाकीचे आपापल्या चिखलात.

अशा वेळेसाठी गावाकडे एक जुनी सोय आहे, इर्जिक. एका शेतकऱ्याच्या रानात गावाने एक दिवस जमायचं, काम उरकून द्यायचं, मजुरी घ्यायची नाही. त्या दिवसाचं जेवण तेवढं एकत्र. देशावर ज्वारीच्या कापणीला अशी माणसं जमत, हलगी वाजे, भलरीची गाणी म्हटली जात. मुळशी-मावळात ती भातलावणीला होते. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरी गावांत उतारावर बांध घालून खाचरं तयार करायचं सामुदायिक काम असतं, त्याला पडकई म्हणतात. ती याच कुळातली.

सावड किंवा वारंगुळा ही वेगळी गोष्ट, आणि तो फरक आधी नीट लक्षात घ्यावा. सावडीत हिशेब असतो. आज मी तुमच्याकडे दोन माणसं दिली, परवा तुम्ही माझ्याकडे दोन द्यायची. चालत्या-बोलत्या घरांसाठी ही पद्धत उत्तम. पण अडचणीतल्या घराला दिवस फेडता येत नाहीत. त्या घराला सावडीत ओढलं तर मदतीच्या नावाखाली कर्जच चढवलं असं होतं. तिथे इर्जिकच हवी.

आता तालुका बदलला आहे. भूगाव, भुकूम, पिरंगुट, सूस या भागांत सोसायट्या उभ्या राहिल्या. बांधापलीकडच्या इमारतीत राहणाऱ्यांना बांधाअलीकडच्या घराचं नाव माहीत नसतं. तरी अडचण कळली की यातले बरेच जण यायला तयार असतात, असा माझा अनुभव आहे. अडतं ते यायचं कसं आणि येऊन करायचं काय, इथे. म्हणून क्रमाने सांगतो.

सुरुवात त्या घरापासून. इर्जिक घालायची का, हे घरच्यांना विचारून ठरवायचं, आणि विचारायला जायचं ते त्यांच्या ओळखीच्या माणसाने: शेजारीण, भावकीतलं कुणी, पोलीस पाटील, शाळेतले गुरुजी. अनोळखी माणसाने थेट दारात उभं राहून ‘आम्ही तुम्हाला मदत करायला आलोय’ म्हटलं की समोरचं घर अवघडतं, आणि ‘नको, होईल काहीतरी’ असं उत्तर येतं. हा नकार मदतीला नसतो, त्या पद्धतीला असतो. ‘उद्या तुमच्याकडे इर्जिक घालू म्हणतोय, रोप तयार आहे ना?’ हा प्रश्न त्या घराला नवा नाही. आजोबांच्या काळापासून तो विचारला जातो.

मग एक कारभारी ठरवा. एकच. शक्यतो गावातली, लावणीत मुरलेली बाई. लावणीचं काम बहुतेक बायकाच करतात आणि कुठलं खाचर आधी, कुठलं मागाहून, पाणी कुठून कुठे उतरतं हे त्यांनाच जास्त ठाऊक असतं. कंपनीत पन्नास माणसं हाताखाली असलेले साहेबही त्या दिवशी तिच्या हाताखाली. इर्जिक फसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे बांधावर चार कारभारी आणि चिखलात दोन माणसं.

पुढची पायरी रान बघण्याची. घराचं क्षेत्र तीस गुंठे धरू. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे हा पाऊण एकर झाला. रोपवाटिका साधारण क्षेत्राच्या दहाव्या हिश्श्याइतकी लागते, तेव्हा तीन गुंठ्यांवर दाढ असायला हवी. ती आहे का, रोप पुरेल का, हे आदल्या आठवड्यातच बघा. माणसं जमली आणि दोन खाचरांपुरतं रोप कमी पडलं, असं होतं. कमी असेल तर आजूबाजूला कुणाकडे लावणी होऊन रोप उरलंय का, त्याची चौकशी लावायची. मात्र वाण तोच बघायचा. आंबेमोहर आणि इंद्रायणी एका खाचरात मिसळली की कापणीला घोळ होतो. इंद्रायणी हा वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली दिला, आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून. या पट्ट्यात आज तोच जास्त दिसतो.

खाचरं किती तुकड्यांत आहेत हेही मोजा. मुळशीत हा प्रश्न मोठा आहे. खोऱ्यातल्या सखल, कसदार भातजमिनी टाटांच्या धरणाखाली गेल्या; त्याविरुद्धच सेनापती बापटांच्या पुढाकाराने १९२१ चा मुळशी सत्याग्रह झाला होता. वरच्या अंगाला जे उरलं ते चढावरचं आणि तुकड्या-तुकड्यांचं. तीस गुंठे चार ठिकाणी विखुरलेले असतील तर ट्रॅक्टर एखाद्याच ठिकाणी पोहोचतो. बाकी ठिकाणी पॉवर टिलर किंवा बैलजोडी.

ते आधी ठरवायचं कारण चिखलणी. लावणीआधी खाचरात पाणी कोंडून माती लोण्यासारखी मऊ होईपर्यंत नांगरतात, त्याला चिखलणी म्हणतात. ती लावणीच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सकाळी व्हावी. तीन-चार दिवस आधी करून ठेवली तर चिखल बसतो, घट्ट होतो आणि नवख्याचं बोट आत जात नाही. रविवारी सगळ्यांना सुट्टी म्हणून इर्जिक रविवारी ठेवली आणि टिलरवाला बुधवारीच येऊन गेला, तर अर्धा दिवस वाया जातो. म्हणून तारीख टिलरवाल्याला विचारून ठरवा, मग माणसांना कळवा.

आता माणसं किती? सराईत दहा-बारा जणी दिवसभरात एक एकर लावतात. आपल्या पाऊण एकराला आठ-नऊ सराईत हात पुरतात. तितके मिळाले असते तर इर्जिकच लागली नसती, हे खरंच. तेव्हा चार-पाच सराईत आणि दहा-बारा नवखे असं गणित धरा. नवखा माणूस पहिल्या दिवशी निम्म्याहूनही कमी काम करतो आणि दुपारनंतर कंबर धरून बसतो. चाळीस जण आले तर आनंद मानू नका. चिखल तुडवून तुडवून खड्डे पडतात, बांध ढासळतात, आणि चाळीस जणांच्या चहाची जबाबदारी त्याच घरावर येते.

एक गोष्ट इथे ठासून सांगायला हवी. ज्यांचं पोट रोजावर आहे, उदाहरणार्थ जवळच्या पाड्यावरच्या कातकरी बाया, त्यांना ‘इर्जिक आहे, या’ म्हणून फुकट बोलवायचं नाही. त्या आल्या तर त्यांना चालू दराने रोज द्यायचा, आणि तो बाकीच्यांनी वर्गणीतून द्यायचा. पगारी सुट्टी घेऊन आलेल्या माणसाचा एक दिवस आणि रोजंदारीवरच्या बाईचा एक दिवस सारखा नसतो. जुन्या गावात सगळेच शेतकरी होते, म्हणून ही बाब कुणाला दिसत नसे. आता दिसायला हवी.

निरोप साधा ठेवा. कुणाचं शेत, कुठे, किती वाजता, काय आणायचं. व्हॉट्सॲपवर निरोप फिरवताना त्या घराच्या अडचणीची कहाणी, दवाखान्यातला फोटो, बिलाचा आकडा घालू नका. ‘अमुक वाडीत लावणीला दहा माणसं हवीत’ एवढं पुरेसं असतं. यायचा तो येतो.

जेवणाचं काय? परंपरेने जेवण ज्याची इर्जिक त्याचं. पण जे घर आधीच दवाखान्याने पिळलंय त्याला पंधरा-वीस पानांचा खर्च पडला तर मजुरीच परवडली म्हणायची वेळ येते. उपाय सोपा आहे. तांदूळ, डाळ, तेल, कांदे-बटाटे येणाऱ्यांनी वाटून आणायचं. चूल मात्र त्या घराची आणि वाढायचा मानही त्यांचा. बाहेरून खोक्यांतलं जेवण मागवणं सोयीचं वाटतं, पण त्यात घरची बाई स्वतःच्याच रानात पाहुणी होते. भाकरी-पिठलं, नाहीतर आमटी-भात, एवढ्यावर काम भागतं. टिलरच्या डिझेलचा खर्च, रोजंदारीवरच्यांचा रोज आणि खताचे पैसे, यांचा हिशेब एका वहीत एकाच माणसाने लिहावा आणि त्याच संध्याकाळी सगळ्यांना वाचून दाखवावा.

लावणीच्या दिवशी सकाळी लवकर, सातच्या आत जमा. पहिलं काम रोप उपटायचं. एका वेळी थोडी थोडी रोपं मुळाशी धरून, किंचित तिरकी ओढून काढायची. ओंजळभर झाली की मुळं पाण्यात हलवून चिखल धुवायचा आणि जुडी बांधायची. नवख्यांची पहिली चूक इथे होते. ते शेंड्याला धरून हिसका देतात. पात तुटते, मूळ जमिनीत राहतं. दुसरी चूक म्हणजे उत्साहात सगळी दाढ उपटून ठेवणं. जेवढं आज लागणार तेवढंच उपटायचं. उरलेली जुडी दुसऱ्या दिवशी पिवळी पडलेली असते.

जुड्या खाचरात पोहोचवणं हे नवख्यांचं हक्काचं काम. बांधावरून चालायचं, बांधाच्या कडेवर पाय द्यायचा नाही. जुड्या अंतराअंतरावर टाकून ठेवल्या की लावणाऱ्या बाईला वाकलेलं सरळ व्हावं लागत नाही. हे काम बिनमहत्त्वाचं वाटतं, पण सराईत हात थांबले नाहीत की दिवसाचं निम्मं यश तिथेच मिळतं.

प्रत्यक्ष लावताना मागे मागे सरकत जातात, म्हणजे लावलेल्यावर पाय पडत नाही. एका ठिकाणी, म्हणजे एका चुडात, दोन-तीनच रोपं घ्यायची आणि ती सरळ, उथळ लावायची, अडीच-तीन सेंटिमीटर. नवख्याला वाटतं, खोल रोवलं की घट्ट बसेल. उलट होतं. खोल गेलेलं रोप उशिरा फुटतं. आठ-आठ काड्यांचा झुबका लावणंही तसंच. रोप संपतं आणि फुटवे दाटतात.

अंतराची अडचण सोडवायला दोरी आहे. कृषिशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांनी रूढ केलेल्या चारसूत्री भातपद्धतीत दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून पालटून खुणा असतात. दोघांनी दोन टोकं ताणून धरायची, बाकीच्यांनी खुणेवर चूड लावायचा. पुढची ओळ १५ सेंटिमीटरवर, त्यापुढची २५ वर. असं केलं की चार चुडांचा एक छोटा चौकोन होतो आणि दोन चौकोनांमध्ये चालायला वाट राहते. सराईत बाईला दोरीचा कंटाळा येतो, तिचा हात अंदाजानेच जातो. पण खाचरात निम्मे लोक पहिल्यांदाच चिखलात उतरलेले असतील तर दोरीशिवाय इर्जिक घालू नये असं माझं मत आहे. दोरी असली की कुणाला कुणावर ओरडावं लागत नाही.

याच पद्धतीचं दुसरं अंग ब्रिकेटचं. युरिया आणि डीएपी एकत्र दाबून केलेली ही खताची गोळी, सुमारे २.७ ग्रॅमची. चार चुडांच्या प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी एक गोळी, सात ते दहा सेंटिमीटर खोल, बोटाने दाबायची, शक्यतो त्याच दिवशी. गुंठ्याला ६२५ गोळ्या बसतात, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत-बाहेर. तीस गुंठ्यांना पन्नास-एक किलो. खत खोल गेल्यामुळे पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जात नाही. मुळशीतल्याच ताम्हिणीत २०२४ च्या जुलैत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. अशा मुलखात वर फेकलेल्या युरियाचं काय होत असेल, हे सांगायला नको. गोळ्या पुरण्याचं काम नवख्यांना छान जमतं, फक्त चौकोन सोडून वाटेत गोळ्या पुरू नका म्हणावं. गोळ्या आयत्या वेळी मिळत नाहीत, तेव्हा कृषी सहायकाला किंवा खतविक्रेत्याला आधी सांगून ठेवा.

अंगाची काळजीही कामाचाच भाग आहे. इरलं आता क्वचित दिसतं. प्लॅस्टिकचा कागद किंवा रेनकोट चालतो. पायाला जखम किंवा चिखल्या असतील (बोटांच्या बेचक्यांत कातडी सडून होणारा त्रास), तर चिखलात उतरू नका, बांधावरचं काम घ्या. उंदरांच्या मुतामुळे अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप होऊ शकतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना ‘मी भातखाचरात काम केलं होतं’ हे आवर्जून सांगा. ते कळलं नाही तर साध्या तापाचं औषध दिलं जातं.

बांधाच्या बिळात हात घालू नका, खेकडा दिसला तरीही. साप चावलाच तर करकचून बांधणं, चिरणं, चोखणं यांतलं काही करायचं नाही. माणसाला धीर द्यायचा, चावलेला अवयव हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठायचा. पौडला ग्रामीण रुग्णालय आहे. धरणाच्या पलीकडे, ताम्हिणीच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. म्हणून एक गाडी तोंड रस्त्याकडे करून उभी असावी आणि तिची किल्ली कुणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असावं.

फोटोंबद्दल थोडक्यात. शेताचे काढा, स्वतःचे काढा. अंथरुणावर पडलेल्या माणसाचा आणि त्याच्या पोरांचा काढू नका.

आता सगळ्यात दुर्लक्षित टप्पा. लावणी झाली, फोटो झाले, माणसं पांगली, आणि शेत पुन्हा त्या सासू-सुनेच्या अंगावर. आठ-दहा दिवसांत नांगे भरावे लागतात. म्हणजे जिथे रोप मेलं किंवा वाहून गेलं तिथे नवं लावायचं. त्यासाठी दाढीच्या कोपऱ्यात मूठभर रोप राखून ठेवा. नवखे हात जास्त असले की नांगेही जास्त पडतात. त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी बेणणी, म्हणजे तण काढणं. या वेळी मोडक्या पायाच्या माणसाचं प्लॅस्टरही बहुधा निघालेलं नसतं. बेणणी चुकली तर लावणीला केलेली निम्मी मेहनत तण खाऊन टाकतं. दिसायला हे काम रुक्ष, ना पाण्याचा खेळ ना दोरीची मजा, त्यामुळे बोलावूनही माणसं येत नाहीत.

म्हणून लावणीच्या दिवशी जेवणं झाल्यावर, कुणी उठायच्या आत, कारभारणीने नांग्यांसाठी तीन नावं आणि बेणणीसाठी सहा नावं वहीत लिहून घ्यावीत. कापणी-झोडणी दिवाळीच्या आसपास येते. तोवर बहुतेक वेळा घर सावरलेलं असतं आणि घरचेच सांगतात, किती माणसं हवीत ते. तेव्हा मात्र त्यांनी सांगितलं तेवढीच जा.

आपण मुळशीत नवे असाल आणि कुणाला ओळखत नसाल, तर जूनच्या अखेरीस जवळच्या गावातल्या ग्रामपंचायतीत, कृषी सहायकाकडे किंवा पिठाच्या गिरणीवर एवढंच विचारा: यंदा कुणाची लावणी अडलीय का? आणि आपलं नाव लावणीच्या यादीत घालू नका, बेणणीच्या घाला.